मेलेल्या कोंबडीला हात लावायचा नाही: शाळेतल्या मुलांना बर्ड फ्लू कसा सांगायचा

सहावी-सातवीच्या कुठल्याही वर्गात ‘बर्ड फ्लू म्हणजे काय?’ असं विचारून बघा. उत्तर लगेच येतं: ‘चिकन खायचं नाही.’ कोणी म्हणतं अंडीपण बंद, कोणी म्हणतं त्या दिवसांत कोंबडी स्वस्त होते. मुलांनी हे घरात आणि बाजारात ऐकलेलं असतं, त्यात त्यांचा काही दोष नाही. पण आजार लागतो कसा, हेच त्या उत्तरात नसतं. नीट शिजवलेल्या चिकनमधून बर्ड फ्लू होत नाही. आजारी किंवा मेलेला पक्षी हाताळला, त्याची विष्ठा, लाळ, रक्त, पिसं हाताला लागली आणि तोच हात नाकातोंडाकडे गेला, की धोका असतो. आता खेड्यातल्या घरात कोंबड्यांच्या सगळ्यात जवळ कोण असतं? सकाळी खुराडं कोण उघडतं, अंडी शोधायला गवताच्या गंजीखाली कोण शिरतं, पिल्लू ओंजळीत घेऊन गालाला कोण लावतं? घरातली पोरंच.

त्यामुळे शाळेत बर्ड फ्लूबद्दल एकच गोष्ट शिकवायला वेळ मिळणार असेल, तर ती ताटाबद्दलची नको, हातांबद्दलची हवी.

हे मी का म्हणतो ते तुर्कीच्या उदाहरणावरून कळेल. २००६ चा जानेवारी महिना, तुर्कीच्या पूर्व टोकाचं दोउबायझित नावाचं गाव. कडाक्याची थंडी, म्हणून लोकांनी कोंबड्या घरात आणून ठेवल्या होत्या. त्यातल्या काही आजारी पडून मेल्या. मुलांनी त्या हाताळल्या. त्या साथीत तुर्कीमध्ये १२ जणांना लागण झाली आणि चौघं दगावली. चारही मुलं होती, त्यातली तीन एकाच घरातली सख्खी भावंडं. त्याच वर्षी अझरबैजानमध्ये थोडा वेगळा प्रकार घडला. तिथल्या सालियान भागात मेलेले राजहंस सापडले. पिसांना भाव मिळतो म्हणून घरातल्या मुली-बायकांनी पिसं उपटली. देशात आठ जणांना लागण झाली, पाच गेली. बरेचसे रुग्ण दहा ते वीस वयोगटातले होते. पक्षी कोणी कच्चा खाल्लेला नव्हता. पिसं उपटणं एवढंच काम झालं होतं.

आपल्याकडेही मुलं यातून सुटलेली नाहीत. भारतात एच५एन१ या प्रकारानं झालेला पहिला मानवी मृत्यू नोंदला गेला तो जुलै २०२१ मध्ये, दिल्लीच्या एम्समध्ये. तो हरियाणातला अकरा वर्षांचा मुलगा होता. त्याआधी २०१९ मध्ये मेळघाटातल्या एका कोरकू घरातल्या सतरा महिन्यांच्या बाळात एच९एन२ हा दुसरा, सौम्य प्रकार सापडला होता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं तो शोधला. या प्रकाराचा माणसातला भारतातला तो पहिला रुग्ण. बाळ बरं झालं. लहान मुलांच्या श्वसनाच्या आजारांवर त्या भागात आधीपासून लक्ष ठेवलं जात होतं, म्हणून ते लक्षात आलं. एरवी ‘सर्दी-ताप होता, गेला’ एवढ्यावरच ते मिटलं असतं.

आता हे एच आणि एन काय आहे ते बघू. मुलांना ते सांगायला हरकत नाही, त्यांना अशा गोष्टी मोठ्यांपेक्षा लवकर कळतात. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर दोन तऱ्हेचे काटे असतात. एका काट्यानं तो आपल्या पेशीला चिकटतो आणि आत शिरतो, त्याचं लघुनाव एच. दुसऱ्याच्या जोरावर नवे तयार झालेले विषाणू पेशीतून सुटून बाहेर पडतात, तो एन. पक्ष्यांमध्ये एचचे सोळा आणि एनचे नऊ प्रकार फार पूर्वीपासून माहीत आहेत. कुठला एच आणि कुठला एन एकत्र आला त्यावरून नाव पडतं. पाचव्या क्रमांकाचा एच आणि पहिला एन म्हणजे एच५एन१. कोंबड्यांना झपाट्यानं मारणारे प्रकार बहुतेक एच५ आणि एच७ यांतलेच असतात.

मग पक्ष्याचा फ्लू माणसाला सहजासहजी का लागत नाही? याचं कारण त्या एच काट्यात आहे. पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका विशिष्ट साखरेला तो धरतो. पक्ष्यांच्या आतड्यात आणि श्वासनलिकेत ती साखर ज्या रचनेत असते, त्या रचनेवर पक्ष्यांच्या विषाणूची पकड घट्ट बसते. माणसाच्या नाका-घशात तिची रचना थोडी वेगळी आहे, तिथं पकड बसत नाही. मात्र आपल्या फुप्फुसात अगदी खोलवर पक्ष्यांसारखी रचना असते. म्हणून लागण क्वचित होते, पण झाली तर थेट न्यूमोनियापर्यंत जाऊ शकते. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणातही तशी रचना असते, त्यामुळे डोळे चोळण्याची सवयही धोक्याचीच. २००३ पासून जगभरात एच५एन१ चे सुमारे हजार रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले जवळजवळ निम्मे दगावले. सौम्य आजाराचे बरेच रुग्ण तपासणीपर्यंत पोचतच नसतील, त्यामुळे मृत्यूचं खरं प्रमाण यापेक्षा कमी असू शकतं. तरीही मुलांना दोन्ही गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात: हा आजार माणसात फार दुर्मीळ आहे, आणि झाला तर गंभीर होऊ शकतो. नुसती पहिली सांगितली तर मुलं बेफिकीर होतात, नुसती दुसरी सांगितली तर घाबरतात.

शास्त्रज्ञांना याहून मोठी काळजी वेगळीच आहे. फ्लूच्या विषाणूचा जनुकीय मजकूर एका सलग धाग्यात नसतो, तो आठ सुट्या तुकड्यांत असतो. समजा एखाद्या माणसाला किंवा डुकराला एकाच वेळी नेहमीचा फ्लू आणि पक्ष्यांचा फ्लू असे दोन्ही झाले. पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसले जावेत तसे ते तुकडे मिसळतात आणि त्यातून भलताच नवा डाव हातात येऊ शकतो. पक्ष्यांच्या विषाणूइतका घातक आणि माणसाच्या फ्लूसारखा शिंकेतून पसरणारा. असं एच५एन१ च्या बाबतीत अजून झालेलं नाही, आणि माणसाकडून माणसाला तो टिकाऊपणे पसरतोय असंही दिसलेलं नाही. पण माणसाला पक्ष्यांकडून लागण होण्याचे प्रसंग जितके कमी, तितके पत्ते पिसले जाण्याचे प्रसंग कमी. कुठल्याशा वाडीतल्या मुलीनं मेलेली कोंबडी उचलली नाही याचं महत्त्व जगापर्यंत पोचतं ते असं.

विषाणू खुराड्यापर्यंत येतो कसा? मुख्यतः पाणपक्ष्यांबरोबर. बदकं, हंस यांच्या आतड्यात फ्लूचे विषाणू शतकानुशतकं नांदत आलेत. हिवाळ्यात उत्तरेकडून जायकवाडी, उजनी, नांदूर-मध्यमेश्वर इथं पक्षी उतरतात, त्यांच्यातल्या काहींच्या विष्ठेतून विषाणू पाण्यात येतो आणि थंड पाण्यात अनेक दिवस टिकतो. तिथून गावातली बदकं, कावळे, कोंबड्या. कधी माणूसच तो घेऊन येतो: बाजारातून आणलेल्या आजारी कोंबडीबरोबर, चपलांना लागलेल्या घाणीबरोबर, पोल्ट्रीवर फिरणाऱ्या गाडीच्या चाकांबरोबर, अंड्यांच्या न धुतलेल्या ट्रेंमधून. दोष सगळा पाहुण्या पक्ष्यांवर टाकून चालत नाही. तळ्यावर लांबून पक्षी बघायला मुलांना खुशाल न्या, फक्त काठावरची पिसं गोळा करू देऊ नका.

महाराष्ट्राला या आजाराची ओळख फार लवकर झाली. भारतातली कोंबड्यांमधली पहिली साथ आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला निघाली. १८ फेब्रुवारी २००६ ला भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल जाहीर झाला. त्याआधी कोंबड्या मरत होत्या, पण ती राणीखेत, म्हणजे मानमोडी असावी असा समज होता. हा समज अगदी स्वाभाविक होता. मर दोन्हीत येते, कोंबड्या दोन्हीत माना टाकतात, आणि नुसत्या डोळ्यांनी फरक करणं पशुवैद्यकालाही जमत नाही. प्रयोगशाळेतच ते कळतं. नंतर लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. ताप असलेल्या काही माणसांना वेगळं ठेवून नमुने तपासले, पण एकाही माणसात विषाणू सापडला नाही. पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, नवापुरात तो पुन्हा आला. त्याच हिवाळ्यात परभणीजवळच्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मरून पडले, उरणजवळच्या चिरनेरला कोंबड्यांत लागण सापडली, आणि नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच आजारानं दगावल्याचं निष्पन्न झालं. मांजराच्या कुळातल्या प्राण्यांना हा फार वाईट बाधतो. घरातल्या मनीनं तोंडात धरून आणलेला पक्षी तिच्याकडून ओढून घ्यायचा नाही, हे मुलांना आवर्जून सांगायला हवं.

इथं मला सगळ्यात अवघड वाटणाऱ्या मुद्द्यावर थोडं थांबायचंय. माहिती असणं आणि तसं वागणं यात मोठं अंतर असतं. कंबोडियाच्या खेड्यांत दोन दशकांपूर्वी पाहणी झाली. रेडिओ-टीव्हीमुळे बर्ड फ्लू बहुतेकांना माहीत होता, आजारी कोंबडीला हात लावू नये हेही माहीत होतं. तरी हात लावणं चालूच होतं. असं का, हे आपल्या गावात वेगळं समजावून सांगायला नको. दारातली कोंबडी म्हणजे घरातल्या बाईची हक्काची शिल्लक असते. वही-पेन, औषध, एसटीचं भाडं त्यातून निघतं. कोंबडीनं मान टाकली की ती मरायच्या आत कापून कालवण करायचं, हा हिशेब हावरटपणाचा नाही, गरजेचा आहे. शाळेत बाईंनी ‘आजारी कोंबडी कापू नका’ असं सांगितलं आणि मुलीनं ते घरी जाऊन सांगितलं, तर आई तिलाच विचारणार, ‘मग काय फेकून देऊ?’ या प्रश्नाचं उत्तर मुलीच्या हातात दिल्याशिवाय आपण तिला काही शिकवलं असं मला वाटत नाही.

उत्तर असं आहे. अचानक एकापेक्षा जास्त कोंबड्या मेल्या तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा ग्रामपंचायतीत कळवायचं, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करायचा. ते नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. बर्ड फ्लू निघाला तर साधारण एक किलोमीटरच्या परिसरातले पक्षी मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत लक्ष ठेवलं जातं. जे पक्षी सरकार मारतं त्यांची भरपाई मिळते. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे लपवून ठेवलं तर कोंबड्याही जातात आणि पैसेही, वेळेवर सांगितलं तर निदान काही हाती लागतं. हे मुलांना पाठ व्हायला हवं, कारण घरात हीच गोष्ट पटते. भरपाई उशिरा मिळते, कमी मिळते, ही तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. तिच्याकडे यंत्रणेनं लक्ष दिलं नाही तर शाळेतल्या शिकवणीचा जोर उरणार नाही.

आता वर्गात नेमकं काय दाखवायचं? आधी आजारी कोंबडी कशी दिसते ते. तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारे मांसल भाग) लालबुंद असतात ते निळसर-जांभळे पडतात. डोळ्यांभोवती आणि डोक्यावर सूज येते. पायांच्या उघड्या भागावर लाल ठिपके दिसतात. पातळ हिरवट हगवण, पिसं विस्कटलेली, कोपऱ्यात डोळे मिटून बसणं, अंडी एकदम कमी होणं किंवा मऊ कवचाची पडणं. आणि कधी यातलं काहीच नाही: काल संध्याकाळी दाणे टिपत होती, सकाळी डालगं उचललं तर मेलेली. खुराडं रोज उघडणाऱ्या मुलाला हे मोठ्यांच्या आधी दिसतं. त्यानं आईला किंवा आजीला त्याच वेळी सांगितलं तर गावाचे दोन-चार दिवस वाचतात.

दुसरं, हळदीचा प्रयोग. मधल्या सुट्टीआधी दोन मुलांच्या तळहाताला ओलसर हळद चोळायची आणि काही न बोलता खेळायला सोडायचं. पंधरा मिनिटांनी बोलवून बघायचं, हळद कुठंकुठं पोचली: नाकाचा शेंडा, डोळ्याचा कोपरा, ओठ, पाण्याच्या नळाची तोटी, मित्राची बाही. हात तोंडाला दिवसभरात कितीदा लागतो हे मग मुलांना सांगावं लागत नाही. नंतर त्याच मुलांना नुसत्या पाण्यानं हात धुवायला सांगायचं, मग साबणानं वीस-तीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखाली घासून. फ्लूच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. साबणानं ते फुटतं आणि विषाणू निकामी होतो, म्हणून साध्या कपडे धुण्याच्या साबणानंही काम भागतं. अर्थात, शाळेत नळाला पाणी आणि नळाशी साबण हवा. तो नसेल तर हा धडा फळ्यावरच राहतो.

तिसरं, मैदानात मेलेला कावळा किंवा कबुतर दिसलं तर करायचं काय. जवळ जायचं नाही, काठीनं उलटापालटा करायचा नाही, दगड मारायचे नाहीत, ओढ्यात किंवा गटारात ढकलायचा नाही. गुरुजींना सांगायचं. गुरुजींनी मुलांना लांब ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. एखादा कावळा विजेच्या तारेवरही मरतो, पण दोन दिवसांत चार-पाच मेले तर कळवायला उशीर करू नये. पुरायचाच झाला तर मोठ्या माणसानं, हातमोजे आणि तोंडाला मास्क लावून, खोल खड्ड्यात चुना टाकून. मुलांच्या हाती हे काम कधीच द्यायचं नाही, ‘स्वच्छता मोहीम’ म्हणूनसुद्धा नाही.

खाण्याचं मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला पोचलं की विषाणू मरतो. आपलं रस्सा उकळून, तुकडा हाडापासून सुटेपर्यंत शिजवणं त्याच्या कितीतरी वर जातं. अंडं पूर्ण उकडायचं, बलक घट्ट होईपर्यंत. शाळेत उकडलेलं अंडं मिळत असेल तर तेही या कसोटीला उतरतं. कच्चं अंडं दुधात घालून प्यायची पैलवानी सवय मात्र सोडायला हवी. जपायचं ते शिजवण्याआधी: कच्चं मांस कापलं ती विळी, पाट आणि ओटा साबणानं धुवायचा, त्याच विळीवर लगेच काकडी चिरायची नाही. साथीच्या भागातली आजारी कोंबडी ‘शिजवली की झालं’ म्हणून घरी कापणं चुकीचं, कारण धोका खाताना नसून कापताना आणि पिसं काढताना असतो. दूध उकळून प्यायची आपली सवयही चांगली. अमेरिकेत २०२४ मध्ये दुभत्या गाईंना एच५एन१ झाल्याचं उघड झालं आणि तो कच्च्या दुधात सापडला.

अफवेनं होणारं नुकसान मुलांपर्यंतही येतं. ज्या घरची पोल्ट्री आहे त्या मुलाला वर्गात कोणी शेजारी बसू देत नाही, असं होऊ शकतं. बर्ड फ्लू एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जात नाही, हे शिक्षकांनी त्या मुलासमोर, सगळ्या वर्गाला, स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. पोल्ट्रीवाल्या घरासाठी ते दिवस आधीच कठीण असतात.

आणि तापाचं. आजारी पक्ष्याशी संपर्क आल्यावर साधारण दोन ते पाच दिवसांत, कधी आठवड्याहून उशिरा, ताप, खोकला, घसा दुखणं, अंगदुखी सुरू होऊ शकते. डोळे लाल होणं किंवा जुलाबही होतात. दम लागायला लागला तर क्षणभरही थांबायचं नाही. हिवाळ्यात अशा तापाची मुलं दवाखान्यात रोज येतात, त्यामुळे ‘घरी कोंबड्या मेल्या का?’ असं डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही. ते मुलानं किंवा त्याच्या आईनं सांगायचं: कोंबड्या कधी मेल्या, मुलानं कोणती उचलली, ताप कधी आला. ओसेल्टामिवीर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. सरकारी दवाखान्यातून घशाचा नमुना तपासणीला पाठवता येतो. गावात आशाताईंना कळवलं तरी पुढची चक्रं फिरतात.